महाराष्ट्रातील शेड व तात्पुरत्या बांधकामांची परवानगी

महाराष्ट्रातील शेड व तात्पुरत्या बांधकामांची परवानगी हा राज्याच्या नगररचना व बांधकाम नियंत्रण कायद्यांचा एक भाग आहे. घराच्या आवारातील पत्र्याची शेड, वाहनासाठी उभारलेले छप्पर, गच्चीवरील पावसाळी आच्छादन, समारंभाचा मांडव, बांधकामाच्या जागेवरील चौकी, शेतातील गोठा किंवा अवजारांची खोली अशा हलक्या बांधकामांना कोणत्या परिस्थितीत पूर्वपरवानगी लागते, ती कोण देते आणि ती न घेतल्यास काय होते हे या नियमांनी ठरते. त्यांचा मुख्य आधार महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा आहे. त्याच्या जोडीला महानगरपालिका, नगरपरिषदा व ग्रामपंचायती यांचे स्वतंत्र कायदे आणि शासनाने मंजूर केलेल्या विकास नियंत्रण नियमावल्या लागू होतात.

पत्रा, बांबू, ताडपत्री किंवा लोखंडी नळ्या वापरून उभारलेले व सहज काढता येणारे बांधकाम ‘तात्पुरते’ असते आणि त्यास परवानगी लागत नाही, असा समज सर्वत्र आढळतो. कायद्याची मांडणी मात्र वेगळी आहे. बांधकाम तात्पुरते ठरते ते परवानगीत दिलेल्या मुदतीमुळे. ते कोणत्या साहित्याचे आहे किंवा किती हलके आहे यामुळे नव्हे. परवानगीविना उभारलेले तात्पुरते बांधकाम हटविण्यासाठी कायद्यात स्वतंत्र व अधिक झटपट तरतूद आहे.

## पार्श्वभूमी

घराच्या मुख्य भिंतींबाहेर छपराखालची जागा तयार करण्याची पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे. कोकणातील पडवी, घराला लागून असलेला गोठा, अंगणातला मांडव, देशावरील शेतातली खोप ही तिची परिचित रूपे होत. कोकणात पावसाळ्यापूर्वी नारळाच्या झावळ्यांचे झाप विणून भिंती व पडव्या झाकल्या जात आणि पाऊस सरल्यावर ते काढले जात. पन्हळी पत्रा, प्लॅस्टिकची ताडपत्री आणि नंतर रंगीत लेपित पोलादी पत्रा सहज मिळू लागल्यावर ही आच्छादने अधिक टिकाऊ झाली. त्याबरोबर हंगामापुरते आच्छादन आणि कायमचे छप्पर यांतील सीमारेषा पुसट झाली. शहरांत सपाट काँक्रीट स्लॅबच्या इमारती वाढल्यानंतर गळती रोखण्यासाठी गच्चीवर पत्र्याचे छप्पर टाकण्याची पद्धत रूढ झाली. दुकानांपुढील मोकळी जागा व इमारतींभोवतालचे वाहनतळही छपराखाली येऊ लागले.

## व्याख्या

मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ आणि महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ या दोन्ही कायद्यांतील ‘इमारत’ या संज्ञेत घराबरोबरच उपगृह, तबेला, शेड व झोपडी यांचा स्पष्ट उल्लेख आहे. बांधकाम दगडविटांचे, लाकडाचे, मातीचे, धातूचे किंवा अन्य कोणत्याही साहित्याचे असले तरी ते इमारतच ठरते. १९४९ च्या अधिनियमानुसार त्याचा वापर मनुष्यवस्तीसाठी होतो की नाही यालाही महत्त्व नाही. म्हणून पत्र्याची शेड ही कायद्याच्या दृष्टीने इमारत असते.

१९६६ च्या अधिनियमात ‘विकास’ ही संज्ञा मध्यवर्ती आहे. जमिनीवर, जमिनीखाली किंवा जमिनीच्या वर केलेले बांधकामविषयक काम, तसेच जमिनीच्या किंवा इमारतीच्या वापरात केलेला महत्त्वाचा बदल, यांचा तिच्यात समावेश होतो. कलम २(५) मधील बांधकामविषयक कामांच्या यादीत इमारतीच्या कोणत्याही भागावर किंवा मोकळ्या जागेवर छत घालणे अथवा पुन्हा घालणे याचा वेगळा निर्देश आहे. त्यामुळे भिंती न बांधता केवळ चार खांबांवर छप्पर टाकले, तरी ते ‘विकास’ या संज्ञेत येऊ शकते.

वाहनासाठीच्या छपराच्या बाबतीत स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ मधील ‘गॅरेज’ची व्याख्याही महत्त्वाची आहे. छत आणि तीन बाजूंना भिंती असलेली वाहन ठेवण्याची जागा म्हणजे गॅरेज. बंदिस्त नसलेली किंवा छत नसलेली जागा, उदा. उघडे वाहनतळ, या व्याख्येत येत नाही. ही व्याख्या प्रकल्पातील जागेच्या विक्रीपुरती आहे. एखादे छप्पर गॅरेज ठरत नाही म्हणून त्यास बांधकाम परवानगी लागत नाही, असा अर्थ तिच्यातून निघत नाही.

## कायदेशीर चौकट

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम ११ जानेवारी १९६७ रोजी अमलात आला. एखाद्या क्षेत्रासाठी विकास योजना तयार करण्याचा इरादा जाहीर झाल्यावर कलम ४३ नुसार तेथे नियोजन प्राधिकरणाच्या लेखी परवानगीशिवाय विकास करता येत नाही. कलम ४४ अर्जाशी, तर कलम ४५ परवानगी देण्याशी किंवा नाकारण्याशी संबंधित आहे. शहरांत महानगरपालिका किंवा नगरपरिषद हेच सामान्यतः नियोजन प्राधिकरण असते. काही क्षेत्रांसाठी विशेष नियोजन प्राधिकरणे नेमलेली आहेत.

तपशिलाचे नियम विकास नियंत्रण नियमावल्यांत असतात. बृहन्मुंबईसाठी विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ लागू आहे. राज्याच्या उर्वरित बहुतांश भागासाठी शासनाने डिसेंबर २०२० मध्ये एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली. तोपर्यंत वेगवेगळ्या शहरांसाठी वेगवेगळे नियम होते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची क्षेत्रे, गिरिस्थान नगरपरिषदा, लोणावळा नगरपरिषद, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रे आणि काही विशेष प्राधिकरणांची क्षेत्रे या एकत्रिकृत नियमावलीतून वगळलेली आहेत. त्यामुळे माथेरान किंवा महाबळेश्वर येथील शेडला लागू होणारे नियम पुणे किंवा नागपूर येथील नियमांपेक्षा वेगळे असतात.

## परवानगी न लागणारी कामे

इमारतीची देखभाल, सुधारणा किंवा तिच्या बाह्य स्वरूपात महत्त्वाचा फरक न पाडणारे बदल यांना कलम ४३ च्या परंतुकाने परवानगीतून सूट दिली आहे. गिलावा, रंगकाम, फरशी बदलणे, नळजोडांची दुरुस्ती ही कामे या वर्गात मोडतात. शेडच्या बाबतीत वाद होतो तो मुख्यतः दुरुस्ती आणि नवे बांधकाम यांतील फरकावरून. छपराची उंची वाढविणे, त्याचा विस्तार करणे, लाकडी वाशांच्या जागी लोखंडी सांगाडा उभारणे किंवा उघडी बाजू बंद करणे हे दुरुस्तीच्या पलीकडचे काम मानले जाण्याची शक्यता असते.

एकत्रिकृत नियमावलीने लहान भूखंडांसाठी जोखीम-आधारित पद्धत आणली. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील कमी जोखमीच्या बांधकामासाठी नेहमीची परवानगी प्रक्रिया आवश्यक नसते. मालकाने मालकीची कागदपत्रे, नकाशे व बांधकाम नियमानुसार असल्याचे तंत्रज्ञाचे प्रमाणपत्र सादर करून शुल्क भरावयाचे असते. १५० ते ३०० चौरस मीटरच्या भूखंडांसाठी दहा दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे. ही सवलत कार्यपद्धतीपुरती आहे. सामासिक अंतरे, उंची व चटई क्षेत्र निर्देशांक यांच्या मर्यादा अशा भूखंडांवरही पाळाव्या लागतात.

## तात्पुरती बांधकामे

मुंबईच्या व राज्याच्या नियमावल्यांत तात्पुरत्या बांधकामांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. अशी परवानगी एका वेळी सहा महिन्यांपेक्षा अधिक काळासाठी दिली जात नाही आणि सर्व मुदतवाढी धरून ती तीन वर्षांपेक्षा अधिक होऊ शकत नाही. काही प्रकारांना, विशेषतः मुख्य इमारतीच्या बांधकामाशी संबंधित शेडना, काम पूर्ण होईपर्यंत मुभा मिळते. या तरतुदीखाली येणारी प्रमुख बांधकामे पुढीलप्रमाणे आहेत:

- पावसापासून संरक्षणासाठी किंवा गच्ची झाकण्यासाठी केवळ पावसाळ्यापुरती उभारलेली आच्छादने
- जत्रा, समारंभ व धार्मिक कार्यक्रमांचे मांडव
- बांधकाम साहित्य साठविण्यासाठी त्याच जागेवरील गोदामे
- बांधकाम सुरू असताना लागणारी कार्यालये व पहारेकऱ्यांच्या चौक्या
- प्रदर्शने, सर्कस इत्यादींसाठीची बांधकामे
- कारखान्यातील यंत्रे बसविण्यापूर्वी ती ठेवण्यासाठीच्या शेड
- पुनर्वसन होईपर्यंत रहिवाशांसाठी उभारलेली संक्रमण निवासस्थाने

### पावसाळी शेड

यादीतील पहिला प्रकार ‘पावसाळी शेड’ किंवा ‘मान्सून शेड’ या नावाने ओळखला जातो. त्यात पावसाळ्यापुरते हा शब्द निर्णायक आहे. पाऊस संपल्यावर आच्छादन काढणे ही परवानगीचीच अट असते. ते तसेच ठेवल्यास मूळ परवानगी वैध असूनही पुढील काळातील बांधकाम अनधिकृत ठरते. आच्छादनाच्या बाजू बंद करून खोली, गोदाम किंवा उपाहारगृह थाटणे हा वापरातील बदल होय आणि त्यास स्वतंत्र परवानगी लागते.

### रस्त्यावरील मांडव

सार्वजनिक रस्त्यावरील मांडवांना विकास परवानगीचे नव्हे, तर महानगरपालिका कायद्यांतील रस्त्यांविषयीचे नियम प्रामुख्याने लागू होतात. मुंबईत १८८८ च्या अधिनियमातील कलम ३१७ नुसार उत्सवकाळात रस्त्यावर मांडवासारखी तात्पुरती बांधकामे उभारण्यास आयुक्त परवानगी देऊ शकतात. अशा मांडवांमुळे रहदारी व पदपथ यांना होणाऱ्या अडथळ्यांबाबत मुंबई उच्च न्यायालयानेही वेळोवेळी आदेश दिले आहेत.

## भूखंडातील स्थान

### सामासिक अंतरे

इमारत आणि भूखंडाची हद्द यांमध्ये जी मोकळी जागा सोडावी लागते तिला सामासिक अंतर म्हणतात. घरामागील किंवा घराच्या कडेची शेड बहुधा याच पट्ट्यात उभी राहते. त्यामुळे सामासिक अंतराचा भंग हे परवानगी नाकारण्याचे एक प्रमुख कारण ठरते. ही जागा हवा, उजेड, सांडपाण्याच्या वाहिन्या आणि अग्निशमन यांसाठी राखलेली असते. उंच इमारतींभोवती अग्निशमन वाहन फिरू शकेल अशी किमान सहा मीटर मोकळी जागा असावी, असे राष्ट्रीय इमारत संहितेत सांगितले आहे. या पट्ट्यात वाहनांवर टाकलेले एखादे छप्परही शिडीच्या वाहनाचा मार्ग अडवू शकते.

### चटई क्षेत्र

छपराखालचे क्षेत्र, नियमावलीने स्पष्टपणे वगळलेले नसल्यास, चटई क्षेत्रात मोजले जाते. भूखंडावरील अनुज्ञेय क्षेत्र मुख्य घरासाठी आधीच वापरले असल्यास शेडसाठी काही शिल्लक राहत नाही. शेड कितीही लहान असली तरी परवानगी मिळत नाही, असे अनेकदा या कारणामुळे होते.

### छपराचे पाणी

छपराच्या पागोळ्यांचे पाणी आपल्याच हद्दीत पडेल अशी व्यवस्था मालकाने करावयाची असते. हद्दीच्या भिंतीला टेकवून उभारलेल्या शेडचा उतार शेजारच्या जागेकडे असल्यास वाद उद्भवतो. हा वाद परवानगीपुरता मर्यादित नसतो. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ नुसार तो दिवाणी हक्काचा प्रश्न होऊ शकतो.

### विजेच्या तारा

धातूच्या छपरापासून विजेच्या तारांचे अंतर राखणे बंधनकारक आहे. इमारतींसाठी विहित केलेली किमान अंतरे अशी आहेत:

- कमी दाबाच्या तारा: उभे अंतर २.५ मीटर, आडवे अंतर १.२ मीटर
- ११ किलोव्होल्टपर्यंतच्या उच्च दाबाच्या तारा: उभे अंतर ३.७ मीटर, आडवे अंतर १.२ मीटर
- ११ ते ३३ किलोव्होल्टच्या तारा: उभे अंतर ३.७ मीटर, आडवे अंतर २ मीटर

जमिनीवरील शेडच्या बाबतीत हे अंतर सहसा मिळते. गच्चीवर नव्याने छप्पर टाकल्यास इमारतीची उंची वाढते आणि पूर्वी नियमात बसणारे अंतर अपुरे पडू शकते.

### नद्या व किनारे

नदीकाठी पूररेषांचे निर्बंध लागू होतात. निळी पूररेषा साधारणतः २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल पूररेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखवते. निळ्या रेषेच्या आतील भाग निषिद्ध क्षेत्र मानला जातो. समुद्रकिनारी किनारपट्टी विनियमन क्षेत्राची अधिसूचना लागू असते. पर्यटकांसाठीच्या तात्पुरत्या झोपड्या किंवा शॅक यांना तिच्या अटींनुसार परवानगी मिळते. गोव्यातील किनाऱ्यांवरील शॅक पर्यटन हंगामापुरते उभारून पावसाळ्यापूर्वी काढले जातात.

## गृहनिर्माण संस्था

सहकारी गृहनिर्माण संस्थेतील गच्ची, आवार व वाहनतळ हे सामायिक क्षेत्र असते. तेथे एखाद्या सभासदाने स्वतःपुरते छप्पर उभारण्यासाठी संस्थेची संमती आणि नियोजन प्राधिकरणाची परवानगी या दोन्ही गोष्टी लागतात. संस्थेच्या सर्वसाधारण सभेचा ठराव हा बांधकाम परवानगीला पर्याय ठरत नाही. त्याचप्रमाणे प्राधिकरणाची परवानगी मिळाली म्हणून सामायिक जागेवर एकट्या सभासदाचा हक्कही निर्माण होत नाही.

नहालचंद लालुचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिलेला निर्णय या संदर्भात महत्त्वाचा मानला जातो. उघडे किंवा इमारतीच्या खांबांखालील वाहनतळ हे विकासकाला स्वतंत्रपणे विकता येणारे ‘गॅरेज’ नव्हे, असे न्यायालयाने त्यात ठरविले. उघड्या वाहनतळावर छप्पर टाकल्याने त्या जागेची मालकी बदलत नाही.

## ग्रामीण भाग व शेतजमीन

गावठाणातील बांधकामासाठी महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये ग्रामपंचायतीच्या परवानगीची तरतूद आहे. मंजूर प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात, गावठाणाबाहेर, १९६६ च्या नगररचना अधिनियमातील कलम १८ लागू होते आणि अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करावा लागतो.

शेतजमिनीवरील शेडसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील ‘शेतघर’ ही संकल्पना महत्त्वाची आहे. शेतीची अवजारे, खत किंवा वैरण साठविणे, शेतमाल साठविणे, गुरांना निवारा देणे, शेतकऱ्याच्या कुटुंबीयांचे, नोकरांचे वा कुळांचे राहणे आणि शेतीव्यवस्थेचा अविभाज्य भाग असलेली इतर कामे यांसाठी शेतजमिनीवर उभारलेले बांधकाम म्हणजे शेतघर होय. असे बांधकाम करण्याचा शेतजमीनधारकाचा हक्क संहितेच्या कलम ४१ ने मान्य केला आहे. शहरे व त्यांच्या भोवतालच्या विहित पट्ट्यांत मात्र जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते.

येथे बांधकामाच्या आकारापेक्षा त्याचा हेतू अधिक महत्त्वाचा ठरतो. गोठा हा शेतघराचा भाग आहे. तोच गोठा गाड्यांच्या दुरुस्तीसाठी किंवा भाड्याच्या गोदामासाठी वापरल्यास तो अकृषिक वापर होतो आणि शेतघराचे संरक्षण संपते. शहरांच्या वेशीवरील शेतजमिनींत उभ्या राहणाऱ्या गोदामांबाबतचे अनेक वाद या एका मुद्द्यावर येऊन ठेपतात.

## संरचनात्मक सुरक्षितता

पत्र्याच्या शेडला स्वतःच्या वजनापेक्षा वाऱ्याचा धोका अधिक असतो. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात संरचनांवरील वाऱ्याचा भार काढण्याची पद्धत दिली आहे. त्यानुसार मूलभूत वाऱ्याचा वेग मुंबई व नागपूर येथे सेकंदाला ४४ मीटर, तर पुणे व नाशिक येथे सेकंदाला ३९ मीटर धरला जातो. हे वेग ताशी अनुक्रमे सुमारे १५८ व १४० किलोमीटर इतके होतात.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सेकंदाला ४४ मीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ११६० न्यूटन, म्हणजे सुमारे ११८ किलोग्रॅम वजनाइतका असतो. एका मोटारीसाठी ३ मीटर रुंद व ६ मीटर लांब छप्पर उभारले तर त्याचे क्षेत्र १८ चौरस मीटर होते. या दाबाच्या निम्मा दाब जरी छप्पर वर उचलण्याच्या दिशेने आला, तरी एकूण ओढ सुमारे एक टन वजनाइतकी होते. अर्धा मिलिमीटर जाडीच्या तेवढ्याच पत्र्यांचे वजन मात्र १०० किलोग्रॅमच्या आत असते. म्हणून पत्र्यांवर दगड किंवा विटा ठेवून ते दाबण्याची प्रचलित पद्धत मोठ्या वादळात निरुपयोगी ठरते. ते दगडच खाली पडून इजा करू शकतात. पत्रे सांगाड्याला हुकांनी किंवा स्क्रूंनी पक्के करणे, सांगाडा खांबांना आणि खांब पायाला जखडणे आवश्यक असते. परवानगीच्या अर्जासोबत संरचना अभियंत्याचे प्रमाणपत्र मागितले जाते ते याच कारणासाठी. गच्चीवरील शेडच्या बाबतीत खालची जुनी इमारत हा भार पेलू शकेल का, हेही तपासावे लागते.

३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळात कोकणातील असंख्य घरांचे पत्रे व कौले उडाली. ९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्यातील पारस येथे वादळी पावसात एका मंदिराजवळच्या पत्र्याच्या शेडवर कडुनिंबाचे मोठे झाड कोसळले आणि शेडखाली थांबलेल्या भाविकांपैकी सात जणांचा मृत्यू झाला. शेडची जागा निवडताना जुन्या झाडांपासूनचे अंतरही विचारात घ्यावे लागते, हे या दुर्घटनेतून अधोरेखित झाले.

आगीचा धोका ज्वलनशील आच्छादनांमुळे वाढतो. २९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईतील कमला मिल आवारात गच्चीवरील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचा मृत्यू झाला. ज्वलनशील आच्छादनामुळे ही आग वेगाने पसरली. या घटनेनंतर मुंबईतील गच्च्यांवरील अनधिकृत छपरांविरुद्ध मोठ्या प्रमाणावर कारवाई झाली.

## अर्जाची प्रक्रिया

अर्ज जमीनमालकाने किंवा त्याच्या संमतीने परवानाधारक वास्तुविशारद अथवा अभियंत्यामार्फत करावयाचा असतो. शहरांत अर्ज स्वीकारण्यासाठी ऑनलाइन प्रणाली वापरल्या जातात. साधारणपणे पुढील कागदपत्रे लागतात:

- सातबारा उतारा किंवा मिळकत पत्रिका
- मोजणी नकाशा
- भूखंडावरील सध्याची इमारत, प्रस्तावित शेड व हद्दीपासूनची अंतरे दाखविणारा स्थळदर्शक नकाशा
- शेडचा तलविन्यास, छेद व उंची दाखविणारे नकाशे
- मूळ इमारतीचा मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र
- आवश्यकतेनुसार संरचना अभियंत्याचे प्रमाणपत्र
- संस्थेच्या जागेबाबत संस्थेचे ना हरकत पत्र

कलम ४५ नुसार अर्ज मिळाल्यापासून ६० दिवसांत प्राधिकरणाने निर्णय न कळविल्यास परवानगी दिली असल्याचे मानले जाते. मात्र प्रस्ताव विकास नियंत्रण नियमांशी काटेकोरपणे सुसंगत असेल तरच ही मानीव परवानगी लागू होते. सामासिक अंतराचा भंग करणाऱ्या शेडला केवळ विलंबाच्या आधारे वैधता मिळत नाही. परवानगी नाकारल्यास किंवा तिच्यातील अटी मान्य नसल्यास कलम ४७ नुसार अपील करता येते.

## अनधिकृत शेडवरील कारवाई

परवानगीशिवाय विकास करणे हा कलम ५२ नुसार गुन्हा आहे. त्यासाठी एक महिना ते तीन वर्षे कारावास आणि २,००० ते ५,००० रुपये दंड अशी शिक्षा आहे. गुन्हा चालू राहिल्यास प्रतिदिन २०० रुपयांपर्यंत आणखी दंड होऊ शकतो. कलम ५३ नुसार प्राधिकरण बांधकाम काढून जागा पूर्ववत करण्याची नोटीस देते. नोटिशीच्या मुदतीत बांधकाम कायम ठेवण्यासाठी कलम ४४ खाली अर्ज करता येतो. काम सुरू असतानाच ते थांबविण्याचा अधिकार कलम ५४ मध्ये आहे. मुंबईत १८८८ च्या अधिनियमातील कलमे ३५१ व ३५४अ यांचाही वापर होतो.

तात्पुरत्या बांधकामांसाठी कलम ५५ ही वेगळी तरतूद आहे. परवानगीविना केलेले तात्पुरत्या स्वरूपाचे बांधकाम आदेश मिळाल्यापासून १५ दिवसांत हटविण्याचा लेखी आदेश प्राधिकरण देऊ शकते. त्याचे पालन न झाल्यास जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांमार्फत ते आणखी नोटीस न देता काढून टाकता येते. एखादे बांधकाम तात्पुरत्या स्वरूपाचे आहे की नाही, याबाबत प्राधिकरणाचा निर्णय या कलमानुसार अंतिम असतो. ‘हे तर तात्पुरतेच आहे’ हा मालकाचा बचाव त्यामुळे त्याच्यावरच उलटू शकतो.

सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी बांधकामे पाडण्याबाबत देशभरासाठी निर्देश दिले. त्यांनुसार कारवाईपूर्वी किमान १५ दिवसांची नोटीस देणे, संबंधितांचे म्हणणे ऐकून घेणे, कारणांसह आदेश काढणे आणि पाडकामाचे चित्रीकरण करणे आवश्यक आहे. रस्ते, पदपथ, लोहमार्गालगतची जागा, नदीपात्र किंवा जलाशय अशा सार्वजनिक जागांवरील अनधिकृत बांधकामांना हे निर्देश लागू नाहीत.

## करआकारणी व नियमितीकरण

महानगरपालिका अनधिकृत बांधकामावरही मालमत्ता कर आकारतात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७अ मध्ये अशा बांधकामांवर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लावण्याची तरतूद आहे. लहान निवासी बांधकामांना शासनाने तिच्यातून सवलती दिल्या आहेत. कराची पावती किंवा वीजदेयक हे बांधकाम अस्तित्वात असल्याचा पुरावा ठरू शकते, परंतु त्यामुळे ते अधिकृत होत नाही.

नियमांत बसणारे, पण परवानगी न घेता झालेले बांधकाम शुल्क भरून नियमित करून घेता येते. ३१ डिसेंबर २०१५ पूर्वीच्या काही अनधिकृत बांधकामांसाठी १९६६ च्या अधिनियमात कलम ५२अ समाविष्ट करून प्रशमनाची तरतूद करण्यात आली. मुंबईत १७ एप्रिल १९६४ पूर्वीची निवासी आणि १ एप्रिल १९६२ पूर्वीची अनिवासी बांधकामे ‘सहनीय’ मानण्याची पद्धत आहे. अशा जुन्या शेडच्या बाबतीत तिचे मूळ आकारमान व वापर सिद्ध करणारी कागदपत्रे निर्णायक ठरतात. पुढे तिची उंची किंवा लांबी-रुंदी वाढविल्यास वाढीव भागाला हे संरक्षण मिळत नाही.

## सामाजिक परिणाम

शेडविषयक नियमांचा परिणाम घरमालकांपुरता मर्यादित नाही. शहरांच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये लघुउद्योग, सुतारकामाचे कारखाने, भंगाराची गोदामे व दुरुस्तीची दुकाने चालतात. तेथील व्यावसायिक अनेकदा भाडेकरू असतात आणि बांधकामाची परवानगी मूळ जमीनमालकाने घेतली आहे की नाही, हे त्यांना ठाऊक नसते. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने कुदळवाडी-चिखली परिसरातील अनधिकृत शेड व गोदामांवर मोठी कारवाई केली. वारंवार लागणाऱ्या आगी व प्रदूषण यांमुळे ती आवश्यक असल्याची प्रशासनाची भूमिका होती. साहित्य हलविण्यास पुरेसा अवधी व पर्यायी जागा मिळाली नाही, अशी तक्रार व्यावसायिकांनी केली.

घरगुती पातळीवर हा प्रश्न मालमत्तेच्या विक्रीच्या वेळी पुढे येतो. मंजूर नकाशात नसलेली शेड आढळल्यास बँकेच्या मूल्यांकनात तिचे क्षेत्र धरले जात नाही आणि पाडकामाच्या नोटिशीची जोखीम नव्या मालकाकडे जाते. भाड्याने जागा घेणाऱ्यासाठी किंवा घर विकत घेणाऱ्यासाठी मंजूर नकाशा व प्रत्यक्ष बांधकाम यांची तुलना हा शेडची वैधता तपासण्याचा सर्वांत साधा मार्ग आहे.

## हेही पहा

- महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६
- महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६
- चटई क्षेत्र निर्देशांक
- राष्ट्रीय इमारत संहिता
- किनारपट्टी विनियमन क्षेत्र
- गावठाण